एकांतवाशाचे पाहुणघर

19 मार्च रोजी संत जोसेफ यांचा सण आपण आपापल्या धर्मग्रामांत भक्तिभावाने साजरा करतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे 20 मार्चला, ज्या संताचे स्मरण होते त्याचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणाच्या ओठी नसते. हा दिवस नेहमी प्रायश्चित्तकाळातच येतो, आणि ते या संताच्या वृत्तीला साजेसेच आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यासमोर, उत्तर समुद्राच्या थंडगार लाटांनी वेढलेल्या फार्न नावाच्या खडकाळ बेटावर तेराशेहून अधिक वर्षांपूर्वी हा संन्यासी एकटा राहत होता. त्यांचे नाव संत कथबर्ट.

एकांतवासी संत ख्रिस्तसभेच्या इतिहासात पुष्कळ झाले. इजिप्तच्या वाळवंटातील संत अंतोनींपासून ही परंपरा सुरू होते. मग याच संताविषयी आम्ही एवढ्या अगत्याने का लिहावे? त्याला कारण एक घर आहे. माणसांपासून दूर जाण्यासाठी कथबर्ट या बेटावर आले. तेथे त्यांनी स्वतःसाठी एक झोपडीवजा निवारा बांधला, आणि जेथे होड्या लागत तेथे त्याहून मोठे असे एक घर उभे राहिले. ते येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी होते. ज्याला कोणी नको होते, त्याच्या बेटावर सर्वांत मोठी इमारत पाहुण्यांची! या विसंगतीचा अर्थ लावण्याचा आम्ही येथे प्रयत्न करणार आहोत.

कथबर्ट यांच्याविषयी आपल्याला जी माहिती मिळते ती त्यांच्या काळाला बरीच जवळची आहे. त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा-वीस वर्षांच्या आतच लिंडिसफार्न मठातील एका अनामिक मठवाशाने त्यांचे चरित्र लिहिले. पुढे 721 च्या सुमारास थोर इतिहासकार संत बीड यांनी ते अधिक विस्ताराने लिहून काढले. कथबर्ट वारले तेव्हा बीड तेराचौदा वर्षांचे होते. लेखन पूर्ण झाल्यावर त्यांनी ते लिंडिसफार्नच्या ज्येष्ठांपुढे दोन दिवस वाचून तपासून घेतले, आणि कथबर्ट यांना अखेरच्या आजारात पाहिलेल्या हेरेफ्रिथ नावाच्या धर्मगुरूंचे निवेदन त्यात जसेच्या तसे समाविष्ट केले. या चरित्रांत चमत्कारांच्या कथा विपुल आहेत. आजचा वाचक त्या कशा स्वीकारील हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु त्या कथांच्या आडून एका माणसाचा स्वभाव जो डोकावतो, तो खराच आहे असे आम्हांस वाटते.

कथबर्ट यांचा जन्म 634 च्या सुमारास नॉर्थम्ब्रिया या राज्यात झाला. तरुणपणी ते डोंगरावर मेंढरे राखीत. 651 साली ऑगस्ट महिन्याच्या अखेरच्या रात्री त्यांना आकाशातून एक तेजस्वी आत्मा स्वर्गाकडे नेला जात असल्याचे दिसले. त्याच रात्री लिंडिसफार्नचे बिशप संत एडन निवर्तले होते, हे त्यांना मागाहून समजले. त्यांनी मेंढरे मालकांच्या स्वाधीन केली, आणि भाला हाती घेतलेला तो घोडेस्वार तरुण मेलरोजच्या मठाच्या दाराशी येऊन उभा राहिला.

त्या तरुणपणाची आणखी एक आठवण चरित्रकारांनी जपून ठेवली आहे. एकदा ते घोड्यावरून एकटेच प्रवास करीत होते. शुक्रवार होता. वाटेत एका भल्या बाईने जेवणाचा आग्रह केला, पण उपवासामुळे त्यांनी नम्रपणे नकार दिला. संध्याकाळ झाली, वारा सुटला आणि वस्ती कोठेच दिसेना. शेवटी धनगरांनी सोडून दिलेल्या काही झोपड्या आढळल्या. घोडा भुकेने छपराचे गवत ओढू लागला, तोच वरून एक पुरचुंडी खाली पडली. कापडात गुंडाळलेली गरम भाकर आणि मांस त्यात होते. कथबर्ट यांनी देवाचे आभार मानले आणि त्या भाकरीचा अर्धा भाग घोड्याला दिला. ओसाड जागी रात्र काढणाऱ्या वाटसरूची भूक काय असते, हे त्यांना तेव्हाच कळले असावे. अनामिक चरित्रकाराच्या सांगण्यावरून ही जागा विअर नदीकाठी, आजच्या चेस्टर-ल-स्ट्रीट या गावाजवळ असावी असे मानतात. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

मेलरोजला बॉइझिल नावाच्या साधुपुरुषाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. 660 च्या सुमारास मठाधिपती ईटा यांच्याबरोबर ते रिपन येथील नव्या मठात गेले आणि तेथे त्यांच्याकडे पाहुण्यांची सरबराई करण्याचे काम आले. बर्फाने गारठलेल्या एका सकाळी त्यांना पाहुण्यांच्या खोलीत एक तरुण बसलेला दिसला. कथबर्ट यांनी रिवाजाप्रमाणे त्याचे हात धुण्यास पाणी दिले. मग त्याचे पाय धुतले, पुसले, आणि ते थंडीने बधिर झाले आहेत असे पाहून आपल्या हातांनी चोळून ऊब दिली. भाकर भट्टीतून निघेपर्यंत थांबण्याचा त्यांनी आग्रह केला. ती आणण्यासाठी ते गेले आणि परत येऊन पाहतात तो पाहुणा नाहीसा झालेला! बाहेर नुकताच बर्फ पडला होता, पण त्यावर पावलांचा एकही ठसा नव्हता. मात्र कोठाराच्या खोलीत तीन पांढऱ्याशुभ्र गरम भाकरी होत्या. आपण देवदूताचे पाय धुतले, असे कथबर्ट यांनी मनोमन जाणले.

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, आणि पवित्र गुरुवारी आपण दरवर्षी त्या प्रसंगाचे स्मरण करतो. कथबर्ट यांच्या जीवनात हे पाय धुणे पुन्हा पुन्हा येते. कोल्डिंगहॅम येथील व्रतस्थ भगिनींच्या मठात पाहुणे म्हणून गेले असता ते रात्री समुद्रात गळ्यापर्यंत उभे राहून प्रार्थना करीत. पहाटे ते किनाऱ्यावर येऊन गुडघे टेकीत तेव्हा समुद्रातून दोन पाणमांजरे येऊन आपल्या श्वासाने त्यांच्या पायांना ऊब देत आणि अंगाच्या लवीने ते पुसून काढीत, असे लपून पाहणाऱ्या एका मठवाशाने पुढे सांगितले. जे हात इतरांचे पाय धूत, त्या हातांच्या धन्याचे पाय पुसायला देवाने मुकी जनावरे पाठविली, असा या कथेचा भाव आहे.

664 साली व्हिट्बी येथे झालेल्या धर्मसभेत ईस्टरचा दिवस ठरविण्याची रोमन पद्धत नॉर्थम्ब्रियाने स्वीकारली. एडन यांच्या आयरिश परंपरेत वाढलेल्या मठवाशांना ते जड गेले. कथबर्ट यांनी हा निर्णय मान्य केला होता. काही काळाने लिंडिसफार्नच्या मठाचे उपप्रमुख म्हणून ते तेथे गेले तेव्हा जुन्या रीती सोडण्यास नाखूष असलेल्या बांधवांशी त्यांची गाठ पडली. सभेत कोणी टाकून बोलले की कथबर्ट शांतपणे उठत, सभा तहकूब करीत, आणि दुसऱ्या दिवशी जणू काही घडलेच नाही अशा रीतीने तेच पुन्हा समजावून सांगत. दुरावलेली मने जोडायला किती धीर लागतो, हे कोणत्याही धर्मग्रामाच्या समितीत बसलेल्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

असा हा माणसांत रमणारा, माणसे जोडणारा मनुष्य 676 साली सर्व सोडून फार्न बेटावर गेला. लिंडिसफार्न हे बेट खरे तर अर्धेच बेट आहे. दिवसातून दोन वेळा ओहोटी लागली की ते वाळूच्या वाटेने जमिनीला जोडले जाते. फार्नचे तसे नाही. लिंडिसफार्नपासून दहा-अकरा किलोमीटरवर आणि जवळच्या किनाऱ्यापासून सुमारे अडीच किलोमीटरवर असलेल्या या बेटाला ओहोटी कधीही वाट देत नाही. होडीशिवाय तेथे जाता येत नाही, आणि वादळ उठले की होडीही निरुपयोगी ठरते. ज्यांच्या घरातील माणसे मासेमारीसाठी समुद्रावर जातात, त्यांना याचा अर्थ चांगलाच समजेल. तेथे भुतांचा वास आहे अशी लोकसमजूत असल्याने पूर्वी कोणी एकटे राहू धजत नसे.

तेथे कथबर्ट यांनी दगडामातीची गोलाकार भिंत रचली. भिंत बाहेरून पुरुषभर उंचीहून थोडी अधिक होती. आतला खडक त्यांनी खोदून आणखी खोल केला. त्यामुळे आत उभ्या असलेल्या माणसाला आकाशाखेरीज काहीच दिसत नसे. भिंतीच्या आत एक प्रार्थनागृह आणि एक राहण्याची खोली होती, आणि वर लाकूड व गवताचे छप्पर होते. घराच्या खडकाळ जमिनीत त्यांनी मठबांधवांच्या मदतीने खड्डा खणला, प्रार्थना केली, आणि दुसऱ्या दिवशी तो पाण्याने भरलेला आढळला. आपल्या हातच्या कष्टावर जगावे म्हणून त्यांनी गहू पेरला. तो उगवला नाही. मग हंगाम उलटून गेल्यावर जव पेरले, आणि ते मात्र भरभरून आले.

आणि होड्या लागण्याच्या जागी ते पाहुणघर होते. जवळच पाहुण्यांसाठी पिण्याच्या पाण्याचा झराही होता. सुरुवातीच्या काळात मठबांधव भेटीस येत तेव्हा कथबर्ट आपल्या निवाऱ्यातून बाहेर येत आणि गरम पाण्याने त्यांचे पाय धूत. पाहुणेही कमी आग्रही नसत. तेही त्यांना पादत्राणे काढायला लावून त्यांचे पाय धूत. एरवी कथबर्ट यांना स्वतःच्या शरीराची इतकी विस्मृती पडे की, कातडी पायमोजे ते महिनोनमहिने उतरवीत नसत. केवळ मठवासीच येत असे नाही. दूरदूरच्या प्रदेशांतून दुःखी, पापी, मोहाने गांजलेले लोक होडीत बसून येत, आणि बीड सांगतात की, जो मनावर ओझे घेऊन आला तो तसाच परत गेला असे कधी झाले नाही. दुसऱ्याची व्यथा ऐकताना ते स्वतःही पूर्वी अशाच मोहांतून गेल्याचे सांगत. उपदेश करणारे पुष्कळ असतात. आपली दुर्बळता आधी कबूल करून मग दुसऱ्याला धीर देणारे विरळाच.

पाहुणघराशी निगडित अशा दोन कथा आम्हांस विशेष प्रिय आहेत. दोन डोंबकावळे या घराच्या छपराचे गवत आपल्या घरट्यासाठी उपसून नेऊ लागले. कथबर्ट यांनी त्यांना प्रभूच्या नावाने दटावून घालवून दिले. तीन दिवसांनी त्यांतील एक परत आला आणि पंख पसरून, मान खाली घालून त्यांच्यापुढे उभा राहिला. कथबर्ट यांनी क्षमा करताच तो उडाला व जोडीदाराला घेऊन आला. येताना दोघांनी डुकराच्या चरबीचा एक मोठा तुकडा भेट म्हणून आणला. कथबर्ट यांनी तो वर्षभर जपून ठेवला आणि येणाऱ्या बांधवांना पादत्राणांना लावण्यासाठी त्यातून थोडे थोडे दिले. आपले स्वतःचे जव पाखरांनी खाल्ले तेव्हाही ते रागावले होते, पण पाहुण्यांच्या छपराला हात लागलेला त्यांना मुळीच खपला नाही. आणि चोरांनी दिलेली भेटही शेवटी पाहुण्यांच्याच पायांच्या कामी आली.

दुसरी कथा त्यांच्या अखेरच्या काळातील आहे. काही मठबांधव आले. निरोप देताना कथबर्ट यांनी भिंतीवर टांगलेल्या एका कलहंसाकडे, म्हणजे बदकाच्याच कुळातील मोठ्या पक्ष्याकडे, बोट दाखवून तो शिजवून खाण्यास सांगितले. बांधवांनी स्वतःची शिदोरी आणलेली होती. आपल्यामुळे या वृद्ध तपस्व्याचा साठा कमी होऊ नये असा सद्हेतूही त्यात असावा. त्यांनी त्या पक्ष्याला हात लावला नाही. तोच वादळ उठले आणि ते सात दिवस बेटावर अडकून पडले. शेवटी कथबर्ट त्यांना भेटायला पाहुणघरात आले, तेव्हा कलहंस जागच्या जागी टांगलेला दिसला. हसतमुखाने ते म्हणाले की, हा अजून येथेच आहे, मग समुद्र तुम्हांला सोडील कसा? पातेले चुलीवर चढले, पाण्याला उकळी आली, आणि तिकडे वारा पडला. यजमानाने प्रेमाने पुढे केलेले ताट संकोचाने नाकारणे हाही एक प्रकारचा अव्हेर असतो, हे या मिस्कील प्रसंगातून त्यांनी शिकविले. आपल्याकडील घराघरांतून म्हाताऱ्या आजींनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितलेले आहे.

परंतु या सर्वांमुळे कथबर्ट यांच्या एकांताला आपण दुय्यम समजू नये. दिवस गेले तसतसे त्यांनी बाहेर येणे कमी केले. मग ते केवळ खिडकीतून बोलू लागले, आणि शेवटी तीही बंद करून फक्त आशीर्वाद देण्यापुरती किंवा निकडीच्या वेळी उघडू लागले. देवाची ओढ आणि माणसांची हाक यांच्यात त्यांची ओढाताण होत होती. हा संघर्ष त्यांनी कधी पुरता जिंकलाही नाही आणि हरलाही नाही. खिडकी बंद झाली, पण धक्क्यावरचे घर उघडेच राहिले.

जगाने मात्र त्यांना सोडले नाही. 684 साली आर्चबिशप थिओडोर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या धर्मसभेने त्यांची बिशपपदी निवड केली. पत्रे गेली, निरोपे गेले, पण ते बेट सोडीनात. शेवटी राजा एकफ्रिथ आणि बिशप ट्रमवाइन स्वतः होडीतून फार्नवर आले आणि गुडघे टेकून त्यांनी विनवणी केली. डोळ्यांत अश्रू आणून कथबर्ट त्यांच्याबरोबर निघाले. 685 सालच्या ईस्टरला, 26 मार्च रोजी, यॉर्क येथे त्यांची दीक्षा झाली. रोगाच्या साथीने उजाड झालेल्या खेड्यापाड्यांतून, डोंगरदऱ्यांतून ते फिरले. जेमतेम दोन वर्षे झाली, आणि मृत्यू जवळ आल्याची जाणीव होताच 686 चा नाताळ आटोपून ते पुन्हा फार्नला परतले. होडीत चढताना एका वृद्ध मठवाशाने विचारले, पुन्हा केव्हा येणार? माझा देह येथे आणाल तेव्हा, असे त्यांनी साधेपणाने उत्तर दिले.

आता आम्ही त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. 687 च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस कथबर्ट आजारी पडले. हेरेफ्रिथ त्यांना भेटून लिंडिसफार्नला परतले आणि लगेच समुद्र खवळला. पाच दिवस कोणालाही बेटावर जाता आले नाही. वादळ शमल्यावर हेरेफ्रिथ घाईने पोचले तेव्हा कथबर्ट आपल्या निवाऱ्यात नव्हते. ते धक्क्याजवळच्या पाहुणघरात बसलेले होते. आपली शुश्रूषा करायला जे येतील त्यांना आपला शोध घ्यावा लागू नये, म्हणून तो आजारी मनुष्य कसाबसा तेथवर चालत आला होता, आणि पाच दिवस व पाच रात्री त्याच एका जागी बसून होता. खाण्यास काय होते, असे विचारताच त्यांनी अंथरुणाखालून पाच कांदे काढून दाखविले. त्यांतील एकाचा थोडासा भाग तेवढा कुरतडलेला होता. एवढेच आपले पाच दिवसांचे अन्न, असे ते म्हणाले.

त्यांच्या पायाला जुनी सूज होती, जखम चिघळली होती. हेरेफ्रिथ यांनी पाणी गरम केले आणि त्यांचे पाय धुतले.

वाचकहो, क्षणभर येथे थांबू या. रिपनला ज्याने अनोळखी पाहुण्याचे पाय ऊब देऊन धुतले, फार्नच्या धक्क्यावर ज्याने कित्येकांच्या पायांवर गरम पाणी घातले, तोच आज आपण उभारलेल्या पाहुणघरात पाहुणा होऊन बसला होता, आणि दुसरा कोणी त्याचे पाय धूत होता. देणाऱ्याला घेणारा होणे सर्वांत अवघड असते. आयुष्यभर इतरांची सेवा केलेल्या कित्येक वडीलधाऱ्यांना आजारपणात मुलासुनांकडून सेवा करून घेणे किती जड जाते, हे आपण पाहतो. कथबर्ट यांनी ते सहज केले. आपले आजारपण इतरांना सोयीचे व्हावे म्हणून ते दारापर्यंत चालत आले. हीच त्यांची शेवटची पाहुणचाराची सेवा, असे आम्हांस वाटते.

आपल्याला फार्नवरच, प्रार्थनागृहाशेजारी पुरावे अशी त्यांची इच्छा होती. कारण विचारता ते म्हणाले की, आपली कबर मठात असेल तर गुन्हेगार आणि परागंदा झालेले लोक तेथे आसरा घेण्यास धावत येतील, आणि त्यांच्यासाठी सत्ताधाऱ्यांकडे रदबदली करताना बांधवांना फार त्रास होईल. बांधव म्हणाले, तो त्रास आम्हांला गोड वाटेल. अखेर त्यांनी संमती दिली. व्हेरका नावाच्या मठाध्यक्षा भगिनीने फार पूर्वी भेट दिलेले तागाचे वस्त्र त्यांनी आयुष्यात कधी अंगाला लावले नव्हते. पण तिच्या स्नेहाचा मान म्हणून ते जपून ठेवले होते, आणि त्यातच आपला देह गुंडाळावा असे त्यांनी सांगून ठेवले. 20 मार्च 687 च्या रात्री प्रभूचे शरीर व रक्त स्वीकारून, हात वर उचलून, त्यांनी प्राण सोडला. एका बांधवाने दोन पेटत्या मेणबत्त्या घेऊन उंचावर जाऊन लिंडिसफार्नला संकेत दिला. तेथे रात्रभर जागत असलेल्या पहारेकऱ्याने तो उजेड पाहिला. त्याच दिवशी दूर डरवेंटच्या सरोवरातील बेटावर हर्बर्ट नावाचा दुसरा एक एकांतवासी वारला. हे दोघे जिवलग मित्र होते, आणि एकाच दिवशी मरण यावे अशी त्यांची प्रार्थना होती.

अकरा वर्षांनी, 698 साली, कबर उघडली तेव्हा देह जसाच्या तसा आढळला असे बीड सांगतात. त्याच काळात लिंडिसफार्नच्या मठात बिशप एडफ्रिथ यांनी शुभवर्तमानांची जी अप्रतिम सचित्र पोथी लिहिली, ती आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहे. पण सुखाचे दिवस टिकले नाहीत. 793 साली समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लुटारूंनी मठावर घाला घातला. पुढे हल्ले वाढत गेले आणि 875 साली मठबांधवांनी कथबर्ट यांची शवपेटी उचलून बेट सोडले. सात वर्षे ते ती खांद्यावर वाहत रानोमाळ भटकले. ज्याने वाटसरूंना निवारा दिला, तो मरणानंतर स्वतःच बेघर वाटसरू झाला! 883 मध्ये या मंडळींना एका गावात आसरा मिळाला. ते गाव चेस्टर-ल-स्ट्रीट, म्हणजे तरुण कथबर्ट यांना जेथे ओसाड झोपडीत गरम भाकर सापडली, त्याच परिसरातले. शतकभराने पुन्हा भीती निर्माण झाली तेव्हा ही शवपेटी काही महिने रिपनला नेण्यात आली. पूर्वी जेथे ते पाहुण्यांची उठबस करीत, तेथेच आता ते पाहुणे झाले. शेवटी 995 साली डरहॅमच्या टेकडीवर त्यांना कायमची जागा मिळाली, आणि तेथे पुढे जे भव्य महामंदिर उभे राहिले त्याच्या मुख्य वेदीमागे त्यांची कबर आहे.

त्यांनी मृत्युशय्येवर जी भीती बोलून दाखविली होती ती अक्षरशः खरी ठरली. डरहॅमच्या महामंदिराच्या दारावर काशाच्या सिंहमुखाची एक मोठी कडी होती. कोणीही अपराधी धावत येऊन ती कडी वाजवी, तेव्हा त्याला आत घेतले जाई आणि 37 दिवस कोणी त्याला हात लावू शकत नसे. त्या मुदतीत त्याने राजाच्या न्यायासमोर जायचे की देश सोडायचा, हे ठरवायचे असे. कथबर्ट यांना बांधवांचा त्रास वाचवायचा होता. बांधवांनी तो त्रास शतकानुशतके आनंदाने सोसला. पाहुणघर आता फार्नच्या धक्क्यावरून डरहॅमच्या दाराशी आले होते, आणि पाहुणे होते ते ज्यांना दुसरे कोणतेच दार उघडे नव्हते असे. कडीची प्रतिकृती आजही त्या दारावर आहे.

येथे एक दंतकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. राजा आल्फ्रेड व्हायकिंगांपुढे हरून दलदलीच्या प्रदेशात लपला असताना एक अनोळखी वाटसरू त्याच्याकडे अन्न मागण्यास आला. घरात एकच भाकर आणि थोडासा द्राक्षरस होता. आल्फ्रेडने त्यातील अर्धा भाग दिला. पाहुणा अदृश्य झाला, पण अन्न मात्र जसेच्या तसे राहिले. त्या रात्री दर्शन देऊन त्या पाहुण्याने आपले नाव सांगितले. तो होता कथबर्ट. रिपनच्या कथेतील यजमान या कथेत पाहुणा झाला आहे. लोकमानसाने त्यांना किती अचूक ओळखले होते! आणि आपल्याला कुतूहल वाटावे अशी गोष्ट ही की, याच आल्फ्रेडने 883 साली रोमला आणि हिंदुस्थानात संत थॉमस व संत बार्थोलोम्यू यांच्या नावे दानधर्म पाठविल्याची नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आढळते. मूळ शब्द ‘इंडिया’ की ‘ज्यूडिया’ याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही ही नोंद वाचताना त्या दूरच्या किनाऱ्याचा आणि आपल्या किनाऱ्याचा एक धागा जुळल्यासारखा वाटतो.

फार्नवर कथबर्ट यांच्यामागून एथेलवॉल्ड, फेल्गिल्ड आणि पुढे बाराव्या शतकात बार्थोलोम्यू असे एकांतवासी येत राहिले. सोळाव्या शतकात राजाज्ञेने मठ बंद पडले आणि ही परंपरा थांबली. बेटावर आज चौदाव्या शतकातील एक छोटे प्रार्थनामंदिर आहे. त्या जुन्या पाहुणघराची म्हणून जी जागा दाखवितात, तेथेही एक दगडी घर आहे. 1925 पासून ही बेटे नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या देखरेखीखाली असून समुद्रपक्ष्यांचे आणि सीलांचे ते आश्रयस्थान आहे. तेथे घरटी करणाऱ्या ईडर बदकांना स्थानिक लोक प्रेमाने ‘कडीची बदके’ म्हणतात. कडी हे कथबर्ट या नावाचे लाडके रूप. त्यांनी या पक्ष्यांना अभय दिले होते, अशी आठवण बाराव्या शतकात डरहॅमच्या रेजिनल्डने लिहून ठेवली आहे. मेलरोजपासून लिंडिसफार्नपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरची एक पदयात्रेची वाट 1996 साली खुली झाली. पवित्र सप्ताहात खांद्यावर क्रूस घेतलेले यात्रेकरू ओहोटीच्या वाळूतून अनवाणी लिंडिसफार्नला जातात. थंड वाळूतून चालून आलेली ती पावले पाहण्यास कथबर्ट असते तर त्यांनी प्रथम पाणी गरम करण्यास ठेवले असते, यात आम्हांस शंका नाही.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे वर्णन आहे. परका असताना मला घरात घेतले की नाही, हा प्रश्न प्रभू तेथे विचारतो. किती वेळ प्रार्थना केली, किती उपवास केले, हे तो तेथे विचारीत नाही. कथबर्ट यांनी प्रार्थना आणि उपवास यांत काहीच कमी केले नाही, तरी या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधीच दगडामातीने बांधून ठेवले होते.

आपल्या जुन्या घरांना ओटा असे. उन्हातून आलेला वाटसरू तेथे टेकत असे, आणि तो कोण, कुठला, हे विचारण्याआधी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या येई. आता ओटे गेले आणि दारांना लोखंडी जाळ्या आल्या. त्यात सुरक्षिततेची गरज आहे, हे आम्ही नाकारीत नाही. कथबर्ट यांच्या निवाऱ्याची भिंत तर पुरुषभर उंच होती! परंतु भिंत उंच बांधताना त्यांनी धक्क्यावर एक घरही बांधले. येत्या 20 मार्चला संध्याकाळच्या रोझरीनंतर आपण त्यांचे नाव घ्यावे, आणि आपल्या घराच्या भिंतीबाहेर असा एखादा कोपरा उरला आहे का, ते एकवार पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.